दहा-बारा मिनिटं आधी

कार्तिक सरला की मला कळतं.
सावल्या चार वाजताच
गिरणीच्या दारात येऊन बसतात,
दळण न आणलेल्या बायांसारख्या,
आणि उठत नाहीत.

मग हात जड होतात.
मशीनचा पट्टा चढवायचा
म्हणजे बैल विहिरीतून काढायचा.
वच्छलाबाई कोहळे ज्वारीचा डबा ठेवून जातात,
"सकाऊन नेतो वं," म्हणतात.
त्यांची सकाळ होते.
माझी गोधडीत तोंड खुपसून पडलेली असते.

घरात म्हणतात, आळस.
शेजारी म्हणतात, हवा लागली वं हिले.
जाऊबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.
घरभर ठसका उठला, बकरीसुद्धा शिंकली.
ठसका आला, म्हणजे दृष्ट नाही.
मग काय आहे,
ते मिरच्यांना सांगता आलं नाही.

नवरा फार बोलत नाही.
शेतात लाइन येते रात्री बाराला,
तो टॉर्च घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जातो,
पहाटे धुई पांघरून परततो
आणि माझ्याकडे पाहतो
जसं बंद पडलेल्या मोटारीकडे पाहावं:
जळली,
की नुसती लाइन गेली?

आर्वीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
"दरवर्षी याच दिवसांत होतं का?"
दरवर्षी.
हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटला.
इतकी सालं वेगवेगळे गुन्हे म्हणून
स्वतःच्या नावावर लिहून ठेवलेलं सगळं
एका शब्दात मावलं.
त्यांनी गोळ्या दिल्या,
आणि सकाळच्या उन्हात बसा म्हणाल्या.
मला हसू आलं. ऊन काय, कुत्र्यालाही मिळतं.

करुणा रत्नागिरीला नर्स आहे.
पावणेसहाला तिचा फोन आला,
मी लाइट लावून बसलेली.
"थांब आई, दोरीवरचे कपडे काढतो,
इथं ऊन हाय अजून."
मला एकदम रडू फुटलं.
माझ्या वाटचा अर्धा तास कुणीतरी
गाडीत बसवून कोकणात नेला होता.

ती घाबरली. मग म्हणाली,
"पण आई, तुमच्याकडे तो आधी उगवते.
पुरा अर्धा तास नाही,
दहा-बारा मिनिटं.
पण आधी."

दुसऱ्या दिवशी मी उठले नाही.
तिसऱ्याही नाही.
पाचव्या दिवशी मोरीकडे म्हणून उठले
आणि परत आत गेले नाही.
गेल्या सालच्या पऱ्हाटीच्या ढिगाला टेकून बसले,
तोंड न धुता, शाल उलटी.

तुरीच्या ओळींमागून तो आला,
धुईत भिजलेला, फिका,
चहा सांडलेल्या बशीएवढा.
आधी गुडघ्यांवर पडला.
बकरी आली, माझ्या शेजारी टेकली.
तिनं काही विचारलं नाही.

नवरा शेतातून आला. पोटरीपर्यंत चिखल.
जवळ बसला, खिशातून तुरीच्या शेंगा काढल्या.
आम्ही सोलत राहिलो.
सोले थंडगार होते,
बोटं हळूहळू नव्हती.

बरी झाले असं नाही.
चार वाजता त्या आल्याच, दारात बसल्या.
बसा म्हटलं.
वच्छलाबाईंची ज्वारी टाकली,
पट्टा दोनदा निसटला.
पीठ निघालं तेव्हा ऊनऊन होतं.
दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात खुपसून
मी उभी राहिले
लाइन जाईपर्यंत,
आणि गेल्यावरही थोडी.